आधी वाचा, मग घासा: जुन्या ट्रकच्या टूलकिटमधले पाने कसे जमवावेत

मध्यंतरी एक तरुण मुलगा कापडात गुंडाळून आठ पाने दाखवायला घेऊन आला. आरशासारखे चकचकीत होते. जुन्या टाटा-मर्सिडीज ट्रकचा संच आहे, असं त्याचं म्हणणं. असेलही. पण आठांपैकी सहांवर एकही अक्षर शिल्लक नव्हतं. बफिंगच्या चाकाने कंपनीचं नाव, माप, खूण सगळं खाऊन टाकलं होतं. उरले ते नुसते पोलादाचे तुकडे.

त्याला हसण्याचा मला हक्क नाही. माझा पहिला १४–१७चा दुतोंडी पाना (एका टोकाला १४ मिमीचं तोंड, दुसऱ्याला १७चं) मीही असाच एका पॉलिशवाल्याकडे टाकून आलो होतो. संध्याकाळी परत आला तेव्हा तो लखलखत होता आणि मुका झाला होता.

हा छंद करणारे बहुतेक जण क्रमात चुकतात. घेतला, घासला आणि मग ओळखायला बसले. क्रम नेमका उलटा हवा. खाली तो टप्प्याटप्प्याने देतो आहे. मधला एखादा टप्पा वगळला तर पुढचं काम बहुधा वाया जातं.

## टप्पा १: आधी गाडी ठरवा

‘जुने पाने’ हा काही विषय नव्हे. त्याने दोन वर्षांत घरात भंगाराचं पोतं तयार होतं आणि घरच्यांची बोलणी बसतात. एक गाडी धरा आणि तिच्या टूलकिटच्या मागे लागा.

आपल्याकडे सापडू शकणाऱ्या गाड्यांचे ढोबळ तीन गट पडतात आणि प्रत्येकाची मापं वेगळी असतात. म्हणून गाडी आधी.

जर्मन घडण: टेल्कोचा (आजची टाटा मोटर्स) मर्सिडीजवाल्या डाइम्लर-बेंझशी करार १९५४ सालचा, आणि ट्रकच्या नाकावरचा तीन टोकांचा तारा १९६९ पर्यंत राहिला. जबलपूरचा लष्करी ट्रक ‘शक्तिमान’ जर्मनीच्या ‘मान’ (MAN) कंपनीच्या परवान्यावरचा. दोन्हीकडे मिलिमीटरची मापं.

अमेरिकन घडण: कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे डॉज आणि फार्गो ट्रक, विलीज जीप, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर लिलावात निघालेल्या लष्करी फोर्ड-शेवरोलेट. इथे इंची मापं, तीही नटाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधल्या अंतराची. त्यांना एएफ म्हणतात.

ब्रिटिश घडण: ऑस्टिन, एन्नोरचे सुरुवातीचे लेलँड. इथे व्हिटवर्थ आणि बीएसएफ या बोल्टच्या दोन जुन्या ब्रिटिश माप-पद्धती. डोकं फिरवणारा गट हाच. त्याबद्दल पाचव्या टप्प्यात.

नवख्याने जर्मन गटापासून सुरुवात करावी. माल अजून मिळतो आणि आकडा वाचला की तेच माप असतं.

गाडी ठरली की तिचं ड्रायव्हरचं हँडबुक किंवा स्पेअर पार्ट्सचं कॅटलॉग शोधा. बऱ्याच कॅटलॉगांत शेवटी टूलकिटचं पान असतं: कोणते पाने, किती, कोणत्या मापाचे. त्या एका पानाची झेरॉक्स खिशात असली की बाजारात तुम्ही शोधायला जाता. नसली तर भुलायला जाता.

तपासा: ‘माझ्या गाडीच्या किटमध्ये काय काय होतं?’ याचं उत्तर कागदावर आहे का? अर्धवट असलं तरी चालेल. पण कागदावर हवं.

## टप्पा २: पिशवी भरा

बाजारात रिकाम्या हाताने जाऊ नका. माझ्या पिशवीत असतं ते असं: व्हर्निअर कॅलिपर (मिलिमीटरचे अंशही मोजणारी मोजपट्टी; साधा, बॅटरीशिवायचा), भिंग, छोटी टॉर्च, पितळी तारेचा ब्रश, चिंध्या, औषधाच्या बाटलीत थोडं डिझेल, मऊ पेन्सिल, पातळ कागद, दोरा लावलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या आणि वही.

पितळी ब्रश म्हणजे पितळीच. लोखंडी तारेचा नको. पोलादावर लोखंडी तार ओरखडे पाडते आणि उथळ ठोकलेली अक्षरं अंधूक करते.

## टप्पा ३: शोधायचं कुठे आणि मागायचं काय

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटला शुक्रवारी सकाळी लवकर जावं, आणि कुर्ल्याला सीएसटी रोडच्या भंगार-स्पेअर पार्टवाल्यांकडे चक्कर मारावी. पण खरं घबाड बाजारात नसतं. ते हायवेलगतच्या जुन्या गॅरेजच्या माळ्यावर, बंद पडलेल्या ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये आणि निवृत्त ड्रायव्हरच्या घरी पलंगाखाली असतं. ट्रक विकला गेला तरी ड्रायव्हर चांगला पाना सोडत नाही.

एक गोष्ट मी फार उशिरा शिकलो: पाने मागण्याआधी गुंडाळी मागा.

जुन्या किटमधले पाने बहुधा जाड कॅनव्हासच्या गुंडाळीत यायचे. गुंडाळीला शिवलेले कप्पे, वर झाकणारी पट्टी, बांधायला नाडी. पाने विकणाऱ्यासाठी ते घाणेरडं फडकं असतं. जुन्या बाजारात एका मामांकडे सहा पाने एकाच ग्रीसने माखलेले दिसले, म्हणून विचारलं, “मामा, यांची गुंडाळी होती का?” “होती की. कुजकं कापड, कोण ठेवतंय? त्याच्यातच बांधून आणले होते, ते बघा तिकडं पडलंय.” गाड्याच्या चाकाखाली लावलेलं होतं ते. मी पाने बाजूला ठेवून आधी ते घेतलं.

घरी आणून उलगडलं तेव्हा प्रत्येक कप्प्यात पान्याची काळी सावली उमटलेली होती. वर्षानुवर्षं तेलकट पोलाद कापडाला दाबून राहिलं की त्याचा ठसा बसतो. दोन तोंडांचा आकार, दांड्याची लांबी सगळं दिसतं. आठ कप्पे, आठ सावल्या. माझ्याकडे सहा पाने. उरलेल्या दोन जागांवर नेमकं काय होतं, हे त्या सावल्यांवर व्हर्निअर लावून कळलं: एक २२–२४ आणि एक छोटा स्क्रू पाना (जबडा कमीजास्त करता येतो तो). कॅटलॉग मिळालं नाही तर हेच तुमचं कॅटलॉग.

धोका: अशी गुंडाळी मिळाली तर धुऊ नका. साबण लागला की सावल्या गेल्या. फोटो काढा, सावलीत वाळवा, ब्रशने माती झटका. एवढंच.

भावाबद्दल थोडं. भंगारवाला पाना किलोवर देतो, बाजारातला नगावर. किलोचा सौदा करताना एकच पाना निवडून उचलला की भाव लगेच नगावर जातो. पाच-सहा बरोबर घ्या, आणि ‘अँटिक’ हा शब्द तोंडातून काढू नका.

धोका: रेल्वेची खूण ठोकलेलं कोणतंही हत्यार घेऊ नका, कितीही देखणं असो. १९६६चा रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याचा कायदा आहे, आणि अशी वस्तू तुमच्याकडे सरळ मार्गाने आली हे दाखवण्याची पाळी तुमच्यावर येऊ शकते. लष्करी खुणेच्या वस्तू लिलावातल्या जुन्या असतील तर प्रश्न नाही, पण विकणाऱ्याकडून तारीख घातलेली साधी पावती घ्याच.

## टप्पा ४: हातात घेतल्यावरची दोन मिनिटं

पैसे देण्याआधी याच क्रमाने बघा.

पहिलं, तोंड. दुतोंडी पान्याचं तोंड टोकाशी मोजा, मग आत मुळाशी मोजा. दोन्हींत अर्ध्या मिलिमीटरच्या वर फरक असेल तर तोंड फाकलेलं आहे. कोणीतरी दांड्यात पाइप घालून जोर केलेला असणार. असा पाना संग्रहाला चालतो, पण भाव तसाच द्या.

दुसरं, दांडा. डोळ्यासमोर आडवा धरून बंदुकीच्या नळीसारखा बघा. वाक किंवा पीळ लगेच कळतो.

तिसरं, वेल्डिंग. लांबी वाढवायला पाइप जोडलेला किंवा तुटलेलं तोंड चिकटवलेलं असतं, आणि वरून रंग मारतात. डिझेलच्या चिंधीने दांडा पुसा. ग्रीसखालचा जोड उघडा पडतो. वेल्डिंगचा पाना मी घेत नाही. अपवाद एकच: ड्रायव्हरने स्वतः घडवलेलं, त्याच गाडीचं म्हणून ठाऊक असलेलं हत्यार.

चौथं, कड. घडीव पान्याच्या कडेला रुंद, कापून-घासून सपाट केलेली पट्टी दिसते, कारण साच्यात ठोकताना बाहेर आलेलं पोलाद नंतर छाटतात. ओतीव मालाच्या कडेला बारीक उभी रेघ असते. जुन्या किटमधला दुतोंडी किंवा रिंग पाना (बंद कड्याच्या तोंडाचा) घडीवच हवा.

पाचवं, घाव. पान्याच्या डोक्यावर हातोडीचे घाव आणि त्याने पसरलेली कड असेल तर तो हातोडीचं काम करून आला आहे. असा पाना मला उलट आवडतो. पण हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग.

स्क्रू पाना असेल तर जबडा पूर्ण उघडा आणि मिटा. आटे गळलेले असतील तर मध्येच घसरतो. जाम असेल तर तिथेच जोर लावू नका, घरी दोन दिवस डिझेलमध्ये ठेवल्यावर बहुतेक वेळा सुटतो.

## टप्पा ५: आकडा वाचा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश जाऊ.

पान्यावर आकडा दिसला की आपण तोच तोंडाचं माप समजतो. मिलिमीटरच्या पान्यात ते खरं आहे. १७ म्हणजे १७ मिमी. एएफच्या इंची पान्यातही खरं आहे: १/२ म्हणजे १२.७० मिमी. पण व्हिटवर्थमध्ये आकडा पान्याच्या तोंडाचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. ३/८ व्हिटवर्थचं तोंड १८.०३ मिमी असतं, ३/८ इंच म्हणजे ९.५ मिमी नव्हे.

म्हणून नियम साधा: आकडा वाचला की लगेच व्हर्निअर लावा. ‘३/८’ लिहिलंय आणि तोंड साडेनऊ मिलिमीटर भरलं तर एएफ. अठरा भरलं तर व्हिटवर्थ. दुसरा काही पुरावा लागत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर हे उतरवून ठेवा:

१/४ व्हिटवर्थ: १३.३४ मिमी
५/१६ व्हिटवर्थ: १५.२४ मिमी
३/८ व्हिटवर्थ: १८.०३ मिमी
७/१६ व्हिटवर्थ: २०.८३ मिमी
१/२ व्हिटवर्थ: २३.३७ मिमी

७/१६ एएफ: ११.११ मिमी
१/२ एएफ: १२.७० मिमी
९/१६ एएफ: १४.२९ मिमी
५/८ एएफ: १५.८८ मिमी
३/४ एएफ: १९.०५ मिमी

यातली शेवटची ओळ फसवी आहे. ३/४ एएफ आणि १९ मिमी यांत फरक फक्त पाच शतांश मिलिमीटरचा. आकडा पुसला गेला असेल तर नुसत्या मापावरून पाना अमेरिकन की जर्मन हे सांगता येत नाही. मग दुसऱ्या तोंडाकडे बघायचं. दुसरं तोंड १७ भरलं तर जर्मन, १५.८८ किंवा १७.४६ भरलं तर अमेरिकन. दुतोंडी पाना नेहमी दोन्ही तोंडांनी ओळखावा.

ब्रिटिश पान्यावर एका तोंडावर दोन आकडे दिसले तर गोंधळू नका. ३/८ डब्ल्यू (म्हणजे व्हिटवर्थ) आणि ७/१६ बीएसएफ हे तोंड एकच. बीएसएफ बोल्टचं डोकं त्याच जाडीच्या व्हिटवर्थ बोल्टपेक्षा एक पायरी लहान, म्हणून एकच पाना दोघांना बसतो.

अमेरिकन पान्यांत आणखी एक खड्डा आहे. काही जुन्या पान्यांवर माप नसतंच, फक्त कारखान्याचा मॉडेल नंबर असतो: २५, २७, ७२५ असे. २७ वाचून ‘२७ मिमी’ म्हणून विकणारेही भेटतात आणि घेणारेही. व्हर्निअर लावला की पाच सेकंदांत उघडं पडतं.

आता जोड्या. आजच्या देशी संचात दुतोंडी पाने १४–१५, १६–१७, १८–१९ अशा जोड्यांत येतात. जुन्या जर्मन घडणीत १४–१७ ही जोडी सर्रास दिसते. कारण सोपं आहे: जुन्या जर्मन मापांत ८ मिमी बोल्टचं डोकं १४चं आणि १० मिमी बोल्टचं १७चं असायचं, म्हणजे सगळ्यात जास्त लागणारे दोन नट एकाच पान्यात. पुढे ८ मिमीच्या बोल्टचं डोकं १३चं झालं आणि ती जोडी मागे पडली. म्हणून ग्रीसने माखलेल्या ढिगात १४–१७ दिसला की हात थांबवा.

१७–१९ ची गोष्ट वेगळी. गाडीने एअर घेतली, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरली, की डिझेल पाइपचे नट सैल करून हवा काढायला ड्रायव्हरच्या हातात हाच पाना असायचा. किटमधला सगळ्यात झिजलेला पाना बहुतेक वेळा तोच, आणि सगळ्यात जास्त वेळा हरवून बदललेलाही तोच. तुमच्या संचातला १७–१९ बाकीच्यांपेक्षा नवा दिसला तर त्याच्यावर संशय घ्या.

खुणांकडे वळू. तीन रेघांचा बाण ही ब्रिटिश लष्कराची खूण. बाण इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या पोटात असेल तर कॅनडाचा. शेजारी बरेचदा साल ठोकलेलं असतं. नाव दोन तऱ्हांनी येतं: साच्यातून उठावदार आलेलं किंवा नंतर ठोकून खोलगट केलेलं. वहीत हा फरक लिहा, कारण एकाच कंपनीने वेगवेगळ्या काळात दोन्ही वापरलेलं असू शकतं. हाझेट, डोविडाट, गेडोर ही जर्मन नावं; किंग डिक, ब्रिटूल, गॅरिंग्टन ही ब्रिटिश; विल्यम्स, बिलिंग्ज, बॉनी, हर्ब्रँड ही अमेरिकन. फोर्डच्या किटमधल्या पान्यावर तीच ओळखीची तिरकी फोर्ड सही असते.

तपासा (नकली खूण): आजकाल साध्या पान्यावर बाण ठोकून विकतात. भिंगातून बघा. जुन्या ठोक्याच्या कडा आजूबाजूच्या पोलादाइतक्याच झिजलेल्या असतात आणि आत तसाच काळपट गंज असतो. नव्या ठोक्याची कड बोटाला खरबरीत लागते आणि तळ उजळ दिसतो. बाण जर गंजाच्या खड्ड्यावरून आरपार गेला असेल तर खड्डा आधीचा आणि बाण नंतरचा.

## टप्पा ६: नोंद करा, अजून घासू नका

घरी आलात. आता हात शिवशिवतात. थांबा.

प्रत्येक पान्याला चिठ्ठी बांधा: नंबर, कुठून, कधी, कितीला, सोबत काय होतं. मग अक्षरांवरची माती फक्त डिझेलच्या चिंधीने पुसा, वर पातळ कागद ठेवा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवा. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून छाप काढायचो, तसंच. फोटोत न दिसणारी अर्धीमुर्धी अक्षरं या छापात उठून येतात. अक्षर अजिबातच लागत नसेल तर अंधाऱ्या खोलीत टॉर्च पान्याला जवळपास समांतर धरा. तिरप्या उजेडात उथळ खड्ड्यालाही सावली पडते.

एकत्र सापडलेले पाने एकत्रच नोंदवा. त्यातला एखादा ‘चुकीचा’ वाटला तरी बाहेर काढू नका. ड्रायव्हरने चाळीस वर्षं जो संच वापरला, तोही एक संचच. कारखान्याचा मूळ संच जुळवायचा असेल तर दुसरा बनवा, हा मोडू नका.

मूळ लेप कोणता होता तेही आत्ताच लिहा. निकेल पिवळसर झाक मारतं, क्रोम निळसर. फॉस्फेट मळकट करडं आणि किंचित खरबरीत असतं. युद्धकाळात क्रोम-निकेलची टंचाई होती, तेव्हा लष्करी पान्यांवर कॅडमियमचा लेप दिला जायचा. तो फिकट रुपेरी असतो, कधी पिवळसर छटेचा.

धोका: कॅडमियम विषारी आहे. असा लेप असण्याची शंका जरी आली तरी तो पाना ना चाकावर घासायचा, ना तापवायचा, ना ॲसिडमध्ये बुडवायचा. डिझेलच्या चिंधीने पुसा, तेल लावा, हात धुवा आणि सोडून द्या.

## टप्पा ७: साफसफाई, सौम्यापासून कडकाकडे

एका पायरीने काम झालं तर पुढची घ्यायची नाही. दहांतले सात पाने तिसऱ्या पायरीच्या पुढे जात नाहीत.

पायरी एक, कोरडी. वाळलेलं ग्रीस बांबूच्या कामटीने खरवडा. स्क्रू ड्रायव्हरने नको.

पायरी दोन, भिजवणं. रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेल चालतं. झाकण असलेल्या डब्यात रात्रभर, हवेशीर जागी, आगीपासून लांब. सकाळी पितळी ब्रश, मग भांड्याच्या साबणाने धुऊन लगेच कोरडं.

पायरी तीन, तेल आणि सर्वात बारीक स्टील वूल. हलका दाब, दांड्याच्या लांबीच्या दिशेने. लाल गंज निघेल, खालचा काळा थर राहील. तो राहू द्या. तो जुनेपणाचा रंग आहे आणि पोलादाला थोडं संरक्षणही देतो. तो उडवून खाली पांढरं पोलाद काढणं म्हणजे बफिंगच झालं, फक्त सावकाश.

पायरी चार, लिंबूसत्त्व. फक्त लेप नसलेल्या, जाड गंज चढलेल्या पान्यासाठी. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम. दर अर्ध्या तासाने बाहेर काढून ब्रश मारा, आणि दोन-तीन तासांच्या वर ठेवू नका. ‘रात्रभर ठेवलं की मस्त निघतो’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि तो वाईट आहे. ॲसिडमध्ये फार वेळ राहिलेल्या कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होऊ शकतं. वरून पृष्ठभाग करडा, मेलेला दिसतो तो वेगळाच. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, साध्या पाण्याने धुवा, पुसा, हेअर ड्रायरने गरम कोरडं करा आणि गरम असतानाच तेल लावा. मध्ये चहा प्यायला गेलात तर परत येईपर्यंत तांबूस थर चढलेला असेल.

पायरी पाच, वीज. खवले सुटलेल्या पान्यासाठी. प्लॅस्टिकची बादली, दर चार-पाच लिटर पाण्याला चमचाभर धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. निगेटिव्ह पान्याला, पॉझिटिव्ह साध्या लोखंडी पट्टीला. दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. पाण्यात हात घालण्याआधी चार्जर बंद. उलटी जोडणी केलीत तर गंजाऐवजी पानाच विरघळायला लागेल, म्हणून सुरू करण्याआधी वायरी दोनदा बघा.

धोका: पट्टी स्टेनलेस स्टीलची घेऊ नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. मीठ घालू नका, क्लोरीन निघतो. आणि हे काम घरात नको, अंगणात किंवा गच्चीवर करा. हायड्रोजन निघत असतो, जवळ काडी ओढू नका. क्रोम किंवा निकेलचा लेप असलेला पाना यात घातला तर लेपाचे पापुद्रे उडतात.

वाकलेला पाना सरळ करायला भात्यात तापवू नका. पोलाद लाल तापलं की त्याचं पाणी (कडकपणा) उतरलं, मग तो पाना फक्त आकाराने पाना. क्रोम नव्याने चढवणं, रंग मारणं, गंजाला काळं करणारं रसायन फासणं ही सगळी परत न फिरणारी कामं आहेत.

तपासा (चीर): साफ झालेला पाना जुन्या गाडीवर वापरायचा असेल तर ही चाचणी कराच. पातळ डिझेलमध्ये तासभर बुडवा, कापडाने कोरडा ठक्क पुसा, आणि तोंडाच्या मुळाशी खडूची पूड चोळा. दहा-पंधरा मिनिटांनी बघा. चीर असेल तर आत शिरलेलं डिझेल बाहेर येऊन पांढऱ्यावर केसासारखी ओली रेघ उमटते. रेघ उमटली की तो पाना फक्त मांडणीत ठेवायचा.

## टप्पा ८: संच जुळवा

आता कॅटलॉगचं पान, गुंडाळीच्या सावल्या आणि तुमची वही शेजारी शेजारी ठेवा. रिकाम्या जागा लिहा आणि पुढच्या वेळी फक्त त्याच शोधा.

घाईत होणारी चूक म्हणजे माप जुळलं की जागा भरून टाकणं. १९–२२ची जागा रिकामी आहे म्हणून कालपरवा जालंधरच्या कारखान्यातून आलेला नवा १९–२२ तिथे बसवला की संच पूर्ण दिसतो आणि खोटा होतो. मी अशा जागी पुठ्ठ्याचा कापलेला आकार ठेवतो. तो रोज खुपतो, आणि त्यामुळेच शोध चालू राहतो. एक जागा माझ्याकडे अकरा वर्षं पुठ्ठ्याची आहे.

एकाच किटमध्ये दोन कंपन्यांचे पाने निघाले तर लगेच मिसळ समजू नका. गाडीवाले एकाच पुरवठादारावर अवलंबून राहत नसत. दांड्याची ठेवण, लेप आणि अक्षरांची पद्धत जुळते का ते बघा.

व्हील पाना, टॉमी (पाना फिरवायची सळई), ट्यूब पाना आणि जॅकचं हँडल विसरू नका. जड आणि बेढब म्हणून लोक सोडतात, भंगारात आधी तेच वितळतात, आणि शेवटी संच अडतो तोही त्यांच्यापाशीच.

## टप्पा ९: ठेवणं

हे थोडक्यात. मशीन ऑइलचा पातळ हात, सुती कापडात सैल गुंडाळून, हवा खेळेल अशा लाकडी खोक्यात किंवा पत्र्याच्या पेटीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो. वर्तमानपत्र ओल शोषून पोलादाला चिकटवतं. चामड्याच्या पिशवीतल्या कमावणीच्या रसायनांनी हिरवे-तांबडे डाग पडतात. मूळ गुंडाळी मिळाली असेल तर ती वेगळी ठेवा, पाने परत तिच्यात भरू नका. जुन्या कॅनव्हासमध्ये मुरलेली ओल आणि माती सगळं पुन्हा सुरू करते.

गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून लावणारे खूप आहेत. त्यात इंजिनातली आम्लं आणि काजळी असते. गंज थांबवायचा सोडून ते खालून चावतं.

कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल तर जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी पेटी उघडा, इतरांनी महिन्यातून एकदा. बोट फिरवायचं, कोरडं लागलं तर पुन्हा तेल.

आणि खंडेनवमीला पाने पूजेत मांडणार असाल, मी मांडतो, तर हळदकुंकू कोरडंच वाहा आणि दसऱ्याच्या रात्री आठवणीने पुसून काढा. माझ्या एका निकेलच्या रिंग पान्यावर ओल्या हळदीच्या बोटाएवढा डाग अजून आहे, नेमका मापाच्या आकड्यावर.